रास-अल-ऐनची वेठ

२९ एप्रिल १९१६ रोजी टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा या गावात ब्रिटिश हिंदी लष्कराच्या सहाव्या डिव्हिजनने तुर्की फौजेपुढे शस्त्रे खाली ठेवली. या डिव्हिजनचे नाव ‘पुणे डिव्हिजन’. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या, शिवाय खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या होत्या. त्या दिवशी सुमारे १३ हजार माणसे कैदी झाली आणि त्यांतली सुमारे १० हजार हिंदी होती. पुढची अडीच वर्षे यांतल्या हजारो शिपायांना सीरियाच्या वाळवंटात बगदाद रेल्वेच्या कामावर राबवले गेले. रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूरच्या मुलुखातून गेलेल्या शेतकरी पोरांच्या वाट्याला आलेली ही वेठ महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात जवळजवळ बेपत्ता आहे.

या मोहिमेची सुरुवात मुंबई बंदरात झाली. ऑक्टोबर १९१४ च्या मध्यास डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड मुंबईहून जहाजांवर चढली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. कुठे जायचे हे शिपायांना ठाऊक नव्हते. बरेच जण फ्रान्सला जायचे असे समजून निघाले होते. जहाजे इराणच्या आखातात वळली आणि बहरीनपाशी नांगर टाकून थांबली. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यावर ६ नोव्हेंबरला ही ब्रिगेड फाव येथे किनाऱ्यावर उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तिथवर येणारी नळवाहिनी राखणे एवढेच मूळ उद्दिष्ट होते. ब्रिटिश आरमार तेव्हा कोळशाकडून तेलाकडे वळत होते, म्हणून या तेलाला मोल आले होते.

बसऱ्यावर थांबले असते तर पुढचे काही घडलेच नसते. पण पहिले विजय फार स्वस्तात मिळाले. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली. त्याच महिन्यात मेजर जनरल चार्ल्स टाऊनशेंड डिव्हिजनचा सेनापती म्हणून आला. जूनमध्ये अमारा, जुलैमध्ये नासिरिया, सप्टेंबरच्या अखेरीस कूत अशी एकेक ठाणी हाती आली. आता बगदाद दिसू लागले. नदीबोटी अपुऱ्या, दवाखाने अपुरे, रसदीची साखळी समुद्रापासून शेकडो किलोमीटर ताणलेली. तरीही सिमल्याहून आणि लंडनहून पुढे जाण्याची परवानगी मिळाली. गॅलिपोलीतल्या अपयशावर बगदादच्या विजयाचे पांघरूण घालायचे होते. या हिशेबात शिपायाच्या जिवाची किंमत कुणी धरली होती असे कागदपत्रांतून दिसत नाही.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे गाठ पडली. या जागेला अरब सलमान पाक म्हणतात, कारण तिथे पैगंबरांचे सहकारी सलमान यांचा दर्गा आहे. तुर्कांची पहिली फळी घेतली गेली, पण त्यात सुमारे साडेचार हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. लढणाऱ्या पायदळाचा निम्म्याहून अधिक भाग असा खर्ची पडला. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून नदीकाठी आणले गेले. डिव्हिजन मागे हटली आणि ३ डिसेंबरला थकलेल्या अवस्थेत कूतला पोचली. तिथेच थांबून मदतीची वाट पाहायचे टाऊनशेंडने ठरवले. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पक्का झाला आणि तो जवळजवळ पाच महिने चालला.

कूत हे टायग्रिसच्या नालाकृती वळणात वसलेले मातीच्या घरांचे गाव. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला खंदक. ईशान्येच्या टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी त्याची भिंत पाडली आणि भगदाडातून हल्ला चढवला. १०३ व्या मराठा पलटणीने ऑक्सफर्डशायर लाइट इन्फन्ट्रीच्या गोऱ्या शिपायांच्या खांद्याला खांदा लावून हातघाईची लढाई केली आणि ते भगदाड राखले. त्यानंतर तुर्कांनी गावावर मोठा हल्ला केला नाही. उपासमारीने हे काम आपोआप होईल हे त्यांनी ओळखले होते.

नदीच्या पलीकडच्या काठावर लोकर दाबण्याचे यंत्र असलेली एक छोटी वस्ती होती. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव वूलप्रेस व्हिलेज असे येते. ती राखण्याचे काम ११० व्या मराठा पलटणीकडे आणि १२० व्या राजपुताना पलटणीकडे होते. वेढ्याच्या आत असलेला हा आणखी एक वेढा होता. मुख्य गावाशी संबंध फक्त रात्रीच्या होड्यांचा. दिवसा नदी ओलांडणे म्हणजे तुर्की बंदुकांचे निशाण होणे. वसंतात वरच्या डोंगरांतले बर्फ वितळून नदी फुगली, तेव्हा खंदकांत पाणी भरले आणि शिपायांना लढाई सोडून बांध घालत बसावे लागले. कोकणातून आलेल्या माणसांना पावसाळ्यातले बांधबंदिस्तीचे काम नवे नव्हते. इथे ते काम उपाशी पोटी आणि गोळ्यांखाली करायचे होते.

उपासमारीचा प्रश्न हिंदी शिपायांच्या बाबतीत अधिक बिकट झाला. धान्य संपत आले तसे घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बराच काळ नकार दिला. या नकाराला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हट्ट म्हटले आहे. पण घोड्याचे मांस खाल्ल्याची बातमी गावी पोचली तर भावकी पंगतीला बसवणार नाही, पोरीबाळींची लग्ने अडतील, ही भीती त्या माणसासाठी तुर्की गोळीइतकीच खरी होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून संमतीच्या तारा मागवून त्या पलटणींत वाचून दाखवल्या गेल्या. एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी खायला सुरुवात केली, पण तोवर अंगातले रक्त आटले होते. हिरड्या सुजणे, दात हलणे, जुनी जखम पुन्हा उघडणे ही स्कर्व्हीची लक्षणे हिंदी पलटणींत सरसकट दिसत होती. शिपाई नदीकाठचे गवत आणि रानभाजी उपटून शिजवत. त्यांतल्या काही वनस्पती विषारी होत्या. १७ व्या ब्रिगेडचा सेनापती हॉटन अशीच भाजी खाल्ल्यावर एप्रिलमध्ये मरण पावला.

वेढा फोडण्यासाठी बसऱ्याहून चार महिने हल्ल्यांमागून हल्ले झाले. शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नायात या ठिकाणी मिळून सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली. आत अडकलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट माणसे त्यांना सोडवण्यासाठी खर्ची पडली. शेवटच्या पंधरवड्यात विमानांतून धान्याची पोती टाकली गेली. अन्नाचा असा हवाई पुरवठा लष्करी इतिहासात बहुधा प्रथमच झाला, पण एवढ्या माणसांना तो पुरण्यासारखा नव्हता. २४ एप्रिलला ‘जुल्नार’ नावाची बोट २७० टन रसद घेऊन रात्री निघाली आणि तुर्कांनी नदीत बांधलेल्या तारदोराला अडकली. मग तुर्की सेनापती खलील पाशाला दहा लाख, नंतर वीस लाख पौंड देऊ करण्यात आले. ही बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता. खलीलने रक्कम नाकारली आणि त्याचा गाजावाजा केला.

तोफा फोडून, दारूगोळा नदीत टाकून २९ एप्रिलला शरणागती झाली. जवळजवळ सात हजार हिंदी शिपाई, त्यांच्याबरोबरचे तीन हजारांहून अधिक भिस्ती, आचारी, खेचरवाले आणि डोलीवाले, आणि अडीच हजारांवर गोरे शिपाई कैदी झाले. सुमारे अकराशे आजारी-जखमींची अदलाबदल होऊन ते सुटले. टाऊनशेंडला बोटीतून सन्मानाने नेले गेले. कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर त्याला राहायला बंगला मिळाला आणि कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारने त्याला ‘सर’ केले. आपल्या माणसांचे पुढे काय झाले याची त्याने फारशी चौकशी केली नाही. हा दोष त्याच्या माथी त्याच्याच देशातल्या इतिहासकारांनी मारला आहे आणि तो योग्यच आहे.

कैद्यांना प्रथम नदीच्या वरच्या अंगाला शुमरान येथे नेले गेले. तिथे तंबू नव्हते, सावली नव्हती. खायला तुर्की फौजेची बिस्किटे मिळाली. ही बिस्किटे जाड, गोल, तपकिरी आणि दगडासारखी कडक. कोंडा, फोलपटे आणि माती मिसळलेल्या पिठाची. ती फोडायला बुटाची टाच किंवा दगड लागे. पाच महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसांनी ती नदीच्या पाण्यात भिजवून अधाशासारखी खाल्ली आणि आतडी साथ देईनाशी झाली. तोंडाला हिरवट फेस येऊन माणसे काही तासांत मरू लागली. आठवड्याभरात सुमारे तीनशे जण गेले. लढाई संपली होती आणि तरीही कुठल्याही लढाईसारखेच मृत्यू चालू होते.

मग अधिकारी आणि शिपाई वेगळे केले गेले. या ताटातुटीने पुढच्या सगळ्या गोष्टींचा निकाल लावला. अधिकारी बोटीने बगदादला गेले. शिपाई ६ मेपासून पायी निघाले. वाटेत पहारेकऱ्यांनी बूट, पाण्याच्या बाटल्या, कांबळी, डगले काढून घेतले किंवा भाकरीच्या तुकड्याच्या बदल्यात शिपायांनीच ते देऊन टाकले. मे महिन्यातल्या इराकी उन्हात अनवाणी चालायचे, थांबला तर बंदुकीचा दस्ता किंवा चाबूक. बगदादच्या बाजारातून त्यांची मिरवणूक काढली गेली. अमेरिकन वाणिज्यदूत ब्रिसेल याने स्वतःच्या खटपटीने पैसे, औषधे आणि अन्न पोचवले. कैद्यांच्या आठवणींत त्याचे नाव कृतज्ञतेने येते. बगदाद ते सामर्रा आगगाडी होती. तिथून पुढे तिक्रित, मोसुल, नुसयबिन आणि शेवटी रास-अल-ऐन, अशी सुमारे सहाशे किलोमीटरची वाट पुन्हा पायी.

या वाटेवर तांडा पुढे जाई तसे आजारी माणसांना कुठल्या तरी पडक्या सराईत किंवा मातीच्या झोपडीत ठेवले जाई. ‘ठेवणे’ म्हणजे टाकून देणे. मागून त्याच वाटेने गेलेल्या अधिकाऱ्यांनी अशा सराईंत अर्धनग्न, माश्यांनी झाकलेली, अजून श्वास घेत असलेली माणसे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. तुर्कांचा हेतू कैद्यांना ठार मारण्याचा होता, असे म्हणणे कठीण आहे. त्यांच्या स्वतःच्या फौजेतही टायफस आणि उपासमारीने माणसे मरत होती. पण शरणागतीच्या वेळी सन्मानाने वागवण्याचे आश्वासन दिले होते, आणि ते पाळण्यासाठी गाढवे, पाणी व धान्य यांची जी जुजबी तजवीज करायला हवी होती, तीही केली गेली नाही. इतक्या माणसांच्या मरणाला निष्काळजीपणा पुरेसा ठरला.

मुसलमान शिपायांना वेगळे काढून त्यांना खलिफाच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या, बाजूने वळवण्याचे प्रयत्न झाले. काही मुसलमान अधिकाऱ्यांना कॉन्स्टँटिनोपलला नेऊन सुलतानापुढे उभे केले गेले. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. त्यामुळे वर्षानुवर्षे एका तळावर राहिलेली माणसे इथे प्रथमच धर्माच्या नावाने निरनिराळ्या रांगांत उभी राहिली. थोडे जण तुर्कांना मिळाले. बहुतेकांना दोन्ही बाजूंनी सारखाच चाबूक खावा लागला.

रास-अल-ऐन म्हणजे झऱ्याचे मुख. खाबूर नदीचे उगम तिथे आहेत, म्हणून नाव. १९१६ साली ते बगदाद रेल्वेचे टोक होते. बर्लिनहून बगदादपर्यंत रूळ नेण्याची ही जर्मन योजना. बांधकाम फिलिप होल्त्समान या जर्मन कंपनीचे. टॉरस आणि अमानुस पर्वतांत बोगदे अपुरे होते आणि रास-अल-ऐनच्या पुढे सामर्ऱ्यापर्यंत रूळच नव्हते. युद्ध चालू असताना ही तूट भरून काढणे तुर्की आणि जर्मन सेनापतींना निकडीचे वाटत होते. मजूर मात्र मिळत नव्हते.

मजूर का मिळत नव्हते, याचे उत्तर भयंकर आहे. या मार्गावर आधी हजारो आर्मेनियन लोक काम करत होते. १९१५ पासून ऑटोमन सरकारने आर्मेनियनांना घरांतून हाकलून वाळवंटाकडे लोटले होते आणि रास-अल-ऐन हा त्या तांड्यांचा एक मोठा तळ होता. १९१६ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात तिथल्या लोकांच्या कत्तली झाल्या. अमानुसच्या बोगद्यांवर काम करणाऱ्या आर्मेनियनांनाही जून १९१६ मध्ये तिथून काढून हाकलले गेले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. त्यांच्या जागी कूतचे कैदी आणले गेले. गोऱ्या शिपायांना मुख्यतः अमानुसमधल्या बाहचे येथे आणि टॉरसच्या बोगद्यांवर नेले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनलाच थांबवले गेले. एका समाजाचा संहार होऊन जी फावडी रिकामी झाली, ती सातारा-रत्नागिरीच्या माणसांच्या हातांत आली.

काम भरावाचे होते. माती खणायची, टोपलीत भरायची, डोक्यावरून नेऊन बांधावर टाकायची. खडी फोडायची, स्लीपर वाहायचे, रूळ उचलायचे. उन्हाळ्यात डोळे जाळणारे ऊन आणि हिवाळ्यात उत्तरेच्या पठारावरून येणारे बोचरे वारे. अंगावर कूतमधून निघतानाचे फाटके खाकी कपडे. पहिल्या हिवाळ्यात थंडी, आमांश आणि टायफस यांनी मोठी प्राणहानी झाली. मजुरी म्हणून थोडे पैसे मिळत, पण ते नोटांत आणि बाजारात त्या नोटांना किंमत उरलेली नव्हती. पुढे जर्मन कंपनीच्या देखरेखीखाली कपडे आणि अन्न काहीसे सुधारले, कारण मेलेला मजूर रूळ टाकत नाही हे अभियंत्यांना कळत होते. हिंदुस्थानात महिना अकरा रुपये पगारावर नाव लिहिलेला शिपाई अशा रीतीने एका जर्मन कंत्राटाचा बिनकरारी मजूर झाला. १९०७ च्या हेग करारानुसार युद्धकैद्यांना काम देता येत होते. पण ते काम झेपणारे असावे आणि युद्धकार्याशी निगडित नसावे, अशी त्यात अट होती. लष्करी गाड्यांसाठीचा हा रूळमार्ग या अटीत कुठेच बसत नव्हता.

या तळाचे आतून केलेले वर्णन मिळते ते दोन बंगाल्यांमुळे. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे हिंदी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. ते कैद्यांवर उपचार करत राहिले आणि मार्च १९१७ मध्ये रास-अल-ऐन येथेच तापाने वारले. त्यांच्या पत्रांवरून त्यांच्या आजीने मोक्षदादेवींनी त्यांचे चरित्र लिहिले. दुसरे शिशिर सर्वाधिकारी, बंगाल अँब्युलन्स कोअरचे स्वयंसेवक. त्यांनी डायरीची पाने फाडून बुटात लपवली आणि पुढे त्यांवरून ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिले. आर्मेनियन तांड्यांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मराठा शिपाई बहुतेक निरक्षर होते आणि ज्यांना अक्षरओळख होती त्यांच्या हाती कागद नव्हता. सुशिक्षित मध्यमवर्ग युद्धाच्या मदतकार्यातून पलटणीत शिरला, म्हणून बंगालला ही पुस्तके मिळाली. महाराष्ट्रात पांढरपेशा वर्ग आणि पलटणीत जाणारा शेतकरी यांच्यामधले अंतर मोठे होते. त्याची किंमत मराठी साहित्याने मोजली आहे.

पळून जाण्याचा विचार प्रत्येक कैद्याच्या मनात येतच असणार. पण अधिकाऱ्याचे पलायन आणि शिपायाचे पलायन यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. अधिकाऱ्यांना अनातोलियातल्या कास्तामोनू, योझगाद अशा गावांत घरे मिळाली होती. पैसे येत, पुस्तके येत, नकाशे चोरून मागवता येत. ऑगस्ट १९१७ मध्ये चार अधिकारी कास्तामोनूहून निसटले आणि त्यांतले तिघे काळा समुद्र ओलांडून क्रिमियाला पोचले. ऑगस्ट १९१८ मध्ये योझगादहून २६ अधिकारी पळाले. त्यांतल्या आठ जणांची तुकडी डोंगरदऱ्या तुडवत किनाऱ्याला आली, तिने एक मोटारबोट पळवली आणि सप्टेंबरमध्ये सायप्रस गाठले. एलायस हेन्री जोन्स आणि सेड्रिक हिल या दोघांनी भुताखेतांच्या बैठका आणि वेडाचे सोंग वापरून सुटका मिळवली. या सगळ्यांची पुस्तके झाली आणि ती इंग्लंडमध्ये आवडीने वाचली गेली.

रास-अल-ऐनच्या शिपायाला भिंत नव्हती, कुंपणही फारसे नव्हते. त्याला वाळवंटाने कोंडले होते. बगदादकडची ब्रिटिश फळी शेकडो किलोमीटर दूर. मध्ये पाणी ठरावीक विहिरींवर आणि त्या विहिरींवर टोळ्यांचा ताबा. अरबी येत नाही, खिशात नाणे नाही, पायांत वहाण नाही. त्यामुळे निसटून आपल्या फळीपर्यंत पोचणारे मोजकेच. दक्षिण कोरियाच्या र्यू सुंग-वान या दिग्दर्शकाचा २०१७ चा ‘द बॅटलशिप आयलंड’ हा चित्रपट अशाच वेठीवर आहे. नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावर मित्सुबिशीच्या कोळशाच्या खाणीत दुसऱ्या महायुद्धात कोरियन लोकांना सक्तीने उतरवले गेले, ही त्याची ऐतिहासिक भूमी. शेवटी शेकडो मजुरांनी मिळून बेटावरून केलेले पलायन मात्र कल्पित आहे. ज्यांना सुटता आले नाही त्यांना पडद्यावर तरी सोडवावे, ही कोरियन प्रेक्षकाची गरज समजण्यासारखी आहे. कूतच्या शिपायांवर मराठीत असा चित्रपट निघालेला नाही.

ब्रिटिशांचेही हात स्वच्छ नव्हते, हे इथे नोंदवणे भाग आहे. मेसोपोटेमियात मजूर कमी पडू लागल्यावर १९१६ च्या अखेरीपासून हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून कैदी भरून त्यांच्या मजूर आणि हमाल तुकड्या बसऱ्याला पाठवल्या गेल्या. शिक्षेत सूट हे त्यांना दाखवलेले आमिष. रणभूमीच्या दोन्ही बाजूंना हिंदी माणूस टोपली वाहत होता.

मार्च १९१७ मध्ये बगदाद ब्रिटिशांच्या हाती आले. जूनमध्ये मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान सरकारच्या गलथानपणावर त्यात इतके कडक ताशेरे होते की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि एडविन माँटेग्यू त्या जागी आले. ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा याच बदलानंतरची. कूतची शरणागती अशी हिंदुस्थानच्या राजकारणात उतरली. कैद्यांच्या दिनक्रमात त्याने फरक पडला नाही. त्यांच्यासाठी रूळ पुढे सरकत राहिले. १९१८ च्या शरदापर्यंत ते नुसयबिनला पोचले. २६ ऑक्टोबरला हलब (अलेप्पो) पडले आणि ३० ऑक्टोबरला मुद्रोसचा युद्धविराम झाला, तेव्हा कुठे वेठ थांबली.

नोव्हेंबर १९१८ च्या ब्रिटिश सरकारी अहवालानुसार तुर्कांच्या हाती एकूण १६,५८३ ब्रिटिश आणि हिंदी कैदी पडले होते. त्यांतले ३,२९० मेल्याची नोंद होती आणि २,२२२ जणांचा पत्ताच नव्हता. कूतच्या गोऱ्या शिपायांपैकी सुमारे सत्तर टक्के परतले नाहीत. हिंदी शिपाई आणि नोकर मिळून सुमारे तीन हजार गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या मरणाची जागा वा तारीख कुठल्याही नोंदवहीत नव्हती. हिंदी मृतांचे प्रमाण कमी दिसते म्हणून हवामानाची सवय, काटकपणा अशी कारणे इंग्रज लेखकांनी पुढे केली. संख्येत पाहिले तर हिंदी मृत जास्त होते.

सुटलेले शिपाई १९१८ च्या अखेरीपासून जहाजांनी मुंबईला उतरू लागले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाने सप्टेंबर-ऑक्टोबरात कोकण आणि देशावरची गावेच्या गावे झोपवली होती. बेपत्ता म्हणून धरलेला माणूस जिवंत परत आला आणि त्याच्या घरची माणसे साथीत गेलेली, अशी उलटापालट त्या हिवाळ्यात शक्य होती. पलटणींची नव्याने भरती आधीच झाली होती. ११७ व्या पलटणीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली. तीच आजची ‘जंगी पलटण’. ११० वी तिसरी बटालियन झाली आणि पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. कूतच्या बचावाचा रणसन्मान या पलटणींच्या यादीत आहे.

सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या अनेक गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर किती माणसे गेली आणि त्यांतली किती मेली, एवढे दोन आकडे तिच्यावर कोरलेले असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. याच गावांतली कितीतरी घराणी पुढे मुंबईच्या गिरणगावात आणि तिथून घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे सरकली. त्यांच्या घरात पणजोबांचे बिल्ले असतील तर पाठीमागे मेसोपोटेमियाची ही कथा असण्याची शक्यता आहे.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत. हिंदी सैनिकांपैकी नावे फक्त अधिकाऱ्यांची. शिपायांची प्रत्येक पलटणीखाली केवळ संख्या. सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्यावर हलवले गेले. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने आपल्या अहवालात ही असमानता मान्य केली आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. कमिशनच्या संगणकीय नोंदींत आता या पलटणींच्या शिपायांची नावे पाहता येतात. पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला आहे.